देऊन टाकलेला शनिवार

सगुणामावशींना गाडी चालवता येत नव्हती आणि नाही म्हणता येत नव्हतं. यातली एकच उणीव असती तर अमेरिकेत, नेपरव्हिलमधली माझी बरीच वर्षं सुखात गेली असती. दोन्ही असल्यामुळे शनिवारी सकाळी मी चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच फोन वाजायचा आणि पलीकडून आवाज यायचा, "प्रमोद, सलाम. बाहेर बर्फ फार नाही ना रे?" मावशींनी बर्फाची चौकशी केली की मला कुठेतरी जायचं आहे, हे मी समजून असायचो. नागपूरहून नवीन आलेल्या कुणाला तरी भाड्याचं घर दाखवायला न्यायचं असे, कुठल्या तरी बाळंतिणीला डिंकाचे लाडू पोचवायचे असत, नाहीतर कुणीतरी दोन बॅगा घेऊन स्टेशनवर कुडकुडत उभं असे. शब्द मावशींनी देऊन ठेवलेला असायचा. त्यांच्या प्रत्येक त्यागाला चार चाकं लागत आणि ती माझ्या गॅरेजमध्ये असत.

नात्याने त्या माझ्या कुणीच नव्हत्या. नाशिककडच्या एका मिशनच्या दवाखान्यात जन्मभर नर्स म्हणून राबल्या, नवरा गेल्यावर मुलाकडे, अविनाशकडे, राहायला आल्या. अविनाशचं टाउनहाउस आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. तो आणि त्याची बायको दिवसभर नोकरीवर, म्हणून मावशींचा फोन मला. बुटक्या, अंगाने भरलेल्या, फिकट साडीखाली मुलाचे लोकरी मोजे आणि त्याखाली बर्फातले काळे बूट. गाडीत बसल्या की आधी सीटबेल्टशी झटापट, मग खिडकीबाहेर बघत पुटपुटत प्रार्थना. माझ्या ड्रायव्हिंगसाठी का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "त्याच्यासाठी पण करते."

त्यांच्या हातात दिलेली वस्तू त्यांच्याकडे राहिली असं कधी झालं नाही. एका हिवाळ्यात आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना एक जाडजूड उबदार कोट घेतला. रंग निवडण्यात माझी बायको स्मिता हिची अख्खी संध्याकाळ गेली होती. पुढच्याच शनिवारी तो कोट आम्हाला दिसला तो आम्ही ज्या चर्चचा हॉल वापरायचो तिथे साफसफाई करणाऱ्या मेक्सिकन बाईच्या अंगावर. मावशी आपल्या एकावर एक दोन स्वेटर चढवून, वर अविनाशचं जुनं जाकीट घालून खुर्च्या मांडत होत्या. मी तडकलो. मावशी, तो तुमच्यासाठी होता, म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू साधा हिशोब मला येत नाही.

"तिची बस उशिरा येते," त्या म्हणाल्या. "मला तर तू गाडीतून सोडतोस. हीटर लावतोस. मग कोट ठेवून काय लोणचं घालायचंय का?"

लोणच्याचं हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. स्मिताने दिलेला काचेचा डबा, अविनाशने आणलेला मायक्रोवेव्ह, मी दिलेला भिंग लावलेला टेबलावरचा दिवा, सगळं या एका प्रश्नावर घराबाहेर गेलं. अशा माणसाला बाहेरून बघणारे साध्वी म्हणतात. त्यांच्या शेजारी राहणाऱ्याला मात्र सतत चिडचिड होते, कारण त्यांच्या चांगुलपणाची आपल्याला कायमची ड्यूटी लागलेली असते. स्मिताला याची गंमत वाटायची. ती म्हणायची, चिडतोस पण किल्ली आधीच हातात घेतलेली असतेस.

एक गोष्ट मात्र त्यांनी स्वतःसाठी राखली होती, आणि ती म्हणजे शनिवारची मराठी उपासना. ती सुरूच त्यांनी केली. रविवारी सकाळी अविनाश त्यांना आपल्या इंग्रजी चर्चमध्ये नेई. तिथे त्या इस्त्रीची साडी नेसून पुढच्या रांगेत बसत. सगळे हसले की हसत, उभे राहिले की उभ्या राहत. दवाखान्यातली औषधांची नावं आणि सलाइनवरच्या सूचना एवढंच त्यांचं इंग्रजी, त्यामुळे पाळकसाहेबांच्या संदेशातला एक शब्द हाती लागत नसे. मला एकदा म्हणाल्या होत्या, "आठवडाभर उपाशी असते रे मी. शनिवारी जेवते."

सुरुवातीला अविनाशच्या बेसमेंटमध्ये तीनचार कुटुंबं जमायची. मग एका अमेरिकन चर्चने आपला हॉल दिला आणि नाशिक, जालना, पुणे, सोलापूर असे कुठले कुठले ख्रिस्ती लोक यायला लागले. पुण्याहून विमानात मांडीवर बसवून आणलेली माझी पेटी तिथे वाजायची. गायला सुरुवात केली की लोकांच्या आयांची, गावच्या ख्रिस्ती देवळांची, नाताळच्या पहाटेच्या फेऱ्यांची आठवण निघायची आणि चांगले चांगले डेटाबेसवाले डोळे पुसायचे. शेवटची प्रार्थना मावशींची. ती त्या वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांना पेशंटची माहिती द्यावी तशी करत. परमेश्वरा, तुला माहीत आहेच, पण आठवण करून देते, अशी सुरुवात करून मग एकेकाचं नाव, त्याचं दुखणं, त्याच्या व्हिसाचं काय झालं, सासूशी पटतं की नाही, सगळं. गुडघ्यांवर बसून माझे पाय बधिर व्हायचे, तरी ती संपू नये असं वाटायचं. त्या उपासनेवर माझा जीव होता, हे सरळच सांगतो.

अडचण मुलांची होती. आमची पोरं हॉलच्या मागच्या रांगेत फोनमध्ये डोकं घालून बसत. माझी करुणा तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. शनिवार आला की तिच्या पोटात दुखे. पुढेपुढे कुणाची फुटबॉलची मॅच निघाली, कुणाचा प्रोजेक्ट निघाला आणि मागची रांग रिकामी पडायला लागली. आम्ही पालकांनी चहा पीत खूप चर्चा केली आणि आमच्यासारख्या हुशार लोकांनाच सुचावा असा एक उपाय काढला. सगळी मराठी गीतं आम्ही इंग्रजी अक्षरांत लिहून काढली, मुलांना वाटली आणि उच्चार पाठ करून घ्यायला लागलो. ळ नीट आला की आइस्क्रीम. मी पेटीवर एकेक ओळ वाजवून घोटवून घ्यायचो. स्मिता म्हणाली, अर्थही सांग रे जरा. मी म्हटलं, आधी चाल तर बसू दे.

नाताळच्या कार्यक्रमात मुलांनी तीन गीतं म्हटली. काय म्हटली! एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पालकांनी मोबाइल वर धरले होते, कुणाचे आईवडील तिकडे पुण्यात पहाटे उठून व्हिडिओवर बघत होते. माझी छाती फुगली होती, कारण बसवलं मी होतं. जेवणाच्या वेळी मावशींनी ताट हातात घेऊन करुणाला शेजारी बसवून घेतलं आणि विचारलं, "किती गोड म्हटलंस गं. काय म्हणालीस देवाला?"

करुणा माझ्याकडे बघायला लागली. मग म्हणाली, "आय डोंट नो, आजी. बाबाने सांगितलं, जस्ट से इट लाइक धिस."

मावशींनी दुसऱ्या मुलीला विचारलं. मग आणखी एकाला. ती पोरं काही लाजली नाहीत, खांदे उडवून बिर्याणी खात राहिली. मावशींनी ताट खाली ठेवलं. मावशींनी जेवण टाकलं म्हटल्यावर मला धोका कळायला हवा होता.

जानेवारीतल्या पहिल्याच शनिवारी, गाणी झाल्यावर, त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की आता ही उपासना इंग्रजीत करू या. मुलांना चालवू दे. त्यांची गाणी, त्यांची वाद्यं, त्यांची प्रार्थना. आपण मोठ्यांनी बसून साथ द्यायची.

हॉलमध्ये एकदम कालवा झाला. सगळ्यात मोठा आवाज माझा होता. मी पेटीमागून उठलोच. मी त्यांना म्हणालो की मावशी, तुम्हाला त्यातलं एक अक्षर कळणार नाही. रविवारी उपाशी आणि आता शनिवारीही उपाशी. त्या म्हणाल्या, "कळत नाही मला. पण पंगतीतून लेकरं उपाशी उठतात आणि मी पोटभर जेवते, हे बरं दिसतं का?"

मी म्हणालो, मुलांना मराठी शिकवू. त्या म्हणाल्या, शिकवा ना, कोण नको म्हणतंय. पण ती शिकेपर्यंत देवाला थांबवून ठेवणार का? मग त्यांनी आपल्या भावाच्या द्राक्षबागेचं काढलं. छाटणी झाली की बागेकडे बघवत नाही, सगळा वेल बोडका. भाऊ पहिल्या वर्षी रडला होता म्हणे. पण हात आखडला तर नुसता पाला माजतो आणि घड धरत नाही. "आपलं तसंच झालंय," त्या म्हणाल्या. "पाला फार सुरेख आलाय."

हा टोला माझ्या नाताळच्या कार्यक्रमाला होता, आणि तो मला लागला. मी म्हणालो, "वेल छाटायचा असतो मावशी, मुळासकट उपटायचा नसतो."

"मूळ मराठी आहे असं तुला कुणी सांगितलं?"

मी आणखी चिडलो. मी म्हणालो की कोट तुमचा होता, तो दिलात, मी गप्प बसलो. ही उपासना तुमच्या एकटीची नाही. ती आमचीही आहे, माझीही आहे. इंग्रजी आठवडाभर ऑफिसात ऐकतोच की आम्ही. शनिवारचे दोन तास काय ते आपले असतात, तेही देऊन टाकायचे? आणि मराठी गेली की मुलंही राहणार नाहीत, सगळंच जाईल, लिहून ठेवा.

 मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या एकटीची असती तर विचारलं नसतं रे. देऊन मोकळी झाले असते. तुमचीपण आहे म्हणून तर हात जोडून विचारतेय."

लोकांनी हो म्हटलं. मला वाटतं बऱ्याच पालकांना सुटल्यासारखं झालं होतं. मी पेटीचा भाता बंद करून तिचं झाकण लावलं आणि पुढच्या शनिवारी ती घरीच ठेवली. येणं सोडलं नाही, कारण मावशींना आणायला दुसरं कोण होतं? पण मागच्या रांगेत, जिथे आधी मुलं बसायची, तिथे मी हाताची घडी घालून बसायला लागलो. मोठ्याने प्रार्थना करायची माझी पाळी आली की मी मान हलवून पुढच्याला खूण करायचो. इंग्रजीतून मी देवाशी बोलणार नव्हतो.

मुलांनी काय केलं, ते सांगायला हवं. आधी गोंधळच घातला. गिटार बेसूर, माइक किंचाळणारा, एक मुलगी प्रार्थना करताना हसत सुटली. पण मुलं यायला लागली. मग शाळेतल्या मैत्रिणींना आणायला लागली. एक तेलुगू कुटुंब आलं, शेजारच्या गल्लीतली एक चिनी मुलगी आईला घेऊन आली. करुणाचं पोट शनिवारी दुखेनासं झालं. एकदा मी तिच्या खोलीवरून जात होतो तर ती पलंगाशी बसून आपल्या एका मैत्रिणीचं नाव घेऊन, तिचे आईवडील वेगळे होतायत असं काहीतरी, देवाला समजावून सांगत होती. दाराबाहेर मी थांबलो आणि निघून गेलो. तेव्हाही मला राग आला, कारण मावशींचं खरं ठरत चाललं होतं.

मावशी पहिल्या रांगेत, हात जोडून, डोळे मिटून. दोन तास. बरोबर योग्य जागी आमेन. गाडीत मी मुद्दाम विचारायचो, आज काय समजलं? एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "पोरगी माझ्याशी बोलत होती का? ज्याच्याशी बोलत होती त्याला समजलं. मी मध्ये कशाला?" मी म्हटलं, मग तुम्ही तिथे दोन तास काय करता? त्या म्हणाल्या, "जागा धरून ठेवते." हे उत्तर ऐकून मी स्टिअरिंगवर हात आपटला होता.

पण त्या काही दगडाच्या नव्हत्या. एकदा मार्चमध्ये मी त्यांना सोडायला गेलो, गाडी त्यांच्या दाराशी उभी केली, तरी त्या उतरेनात. सीटबेल्टही काढला नाही. बाहेर वितळलेला मळका बर्फ साचला होता. समोर बघतच म्हणाल्या, "प्रमोद, एक प्रार्थना मराठीत करशील का? छोटी. एवढीच." मी इंजिन चालू ठेवूनच केली. मला जमली तशी केली, गावाकडची, आईच्या तोंडची वाक्यं होती त्यात. संपली तेव्हा त्या पदराने तोंड पुसत होत्या. उपाशी माणसाने घास चावून चावून खावा तशी त्यांनी ती ऐकली असावी. मी म्हणालो, मावशी, दर शनिवारी करू या की अशी, इथेच. त्या नको म्हणाल्या. सवय लागेल मला, आणि मग तिथे बसून इथल्याची वाट बघत बसेन, असं म्हणून उतरून गेल्या.

पुढच्या वर्षी त्यांना कॅन्सर निघाला, आणि निघाला तोच पसरलेला. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या खाटांशी उभं राहिलेली बाई स्वतः खाटेवर पडल्यावर फार वाईट पेशंट ठरली. नर्सना उशा नीट करून दाखवायची, जेवणातली जेली शेजारच्या बाईला पाठवायची. शनिवारी मुलं उपासना संपवून हॉस्पिटलमध्ये येत आणि खाटेभोवती उभी राहून इंग्रजीत प्रार्थना करत. मावशींचा आवाज बसत चालला होता, पण आमेन चुकत नव्हतं.

शेवटच्या शनिवारी दुपारी मुलं येऊन गेली होती. अविनाश डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेला. खोलीत मी, आणि पाण्याचा कप घेऊन खिडकीशी उभी असलेली करुणा. मावशींचे हात थंड होते. मी ठरवून टाकलं की आता पुरे. दोन वर्षं ही बाई स्वतःच्या भाषेला मुकली आहे, आता तरी तिला तिचं जेवण मिळायला हवं, आणि ते मी देणार. मी खाटेशी गुडघे टेकले, त्यांचा हात धरला आणि सुरुवात केली, "हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, तुझी ही लेक..."

मावशींनी हात सोडवून घेतला. मला वाटलं दुखलं असेल. त्यांनी बोट उचललं, खिडकीकडे, करुणाकडे. ओठ हलले ते मला ऐकू येईना म्हणून मी कान जवळ नेला.

"तिला कळेल असं म्हण," त्या म्हणाल्या.

मला असा संताप आला की काय सांगू. मरणाच्या दारात, शेवटची प्रार्थना, तीसुद्धा? मी म्हणालो, "मावशी, ही तरी तुमची असू द्या." त्यांनी डोळे मिटले आणि हात पुन्हा माझ्या हातात दिला, वाट बघत. करुणा कप ठेवून खाटेच्या दुसऱ्या बाजूला आली होती.

मग मी इंग्रजीत प्रार्थना केली. मीटिंगमध्ये तासतासभर बोलणारा मी, मला शब्द सापडेनात. "लॉर्ड, शी इज व्हेरी टायर्ड," म्हणालो. "शी गेव्ह एव्हरीथिंग. प्लीज, यू गिव्ह हर नाउ." एवढ्यावरच अडलो आणि रडायला लागलो. करुणाने पुढची दोन वाक्यं म्हटली. मावशींना त्यातलं काही कळलं असेल असं मला वाटत नाही. आमचे आवाज थांबले तेव्हा त्या आमेन म्हणाल्या. दोन दिवसांनी त्या गेल्या.

आता शनिवारी हॉल भरतो. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी मावशींना पाहिलेलं नाही, त्यांचं नावही त्यांना नीट घेता येणार नाही. माझी मराठी गेली ती गेलीच, आणि तिच्यासाठी माझा जीव अजून तुटतो. मावशी तेव्हा म्हणाल्या ते मला आजही पूर्ण पटलेलं नाही. पण पोरांपैकी कुणीतरी माझ्याकडे वळून, प्रमोद अंकल, विल यू प्रे, असं विचारतं, तेव्हा मी उठून उभा राहतो आणि त्यांना कळेल असं म्हणतो.